कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी : आठवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. सूक्ष्मदर्शक तीन आहेत. एक चांगला. दुसऱ्याचा बारीक फोकसचा स्क्रू घट्ट बसलाय, थेंबभर तेल घालून ठेवलंय. तिसऱ्याच्या वस्तुभिंगावर बुरशीने जाळं विणलंय. पावसाळ्यात बंद कपाटात भिंगं ठेवली की हे होतंच. तो बाजूला ठेवला, टाकायचा नाही.

आठवीचा वर्ग, ३४ मुलं, सहा गट. ‘पेशी व पेशीअंगके’ हा धडा यंदा पुस्तकातून सुरू करायचा नाही असं ठरवलंय. आमचा निफाड तालुका. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, उन्हाळ कांदा पडलेला आहे. तेव्हा पेशी कांद्यातच बघायची, आणि दोन महिने कांदा सोडायचा नाही.

आज एवढंच केलं: वही बंद, पुस्तक बंद, “पेशी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती काढा.” चौतीस चित्रं जमली. सगळ्यांत तोच लंबगोल, मधोमध केंद्रक, उजवीकडे घेवड्याच्या बीसारखी तंतुकणिका, वर गॉल्गी पिंड. पेशी प्रत्यक्ष पाहिली आहे का, विचारलं. एकाचाही हात वर झाला नाही. चित्रं फाईलला लावून ठेवली, शेवटी पुन्हा काढायची आहेत.

३ जुलै, बुधवार

पहिला पापुद्रा. पाकळी आतल्या बाजूने कटकन मोडायची, मोडलेल्या कडेला आतून जो पारदर्शक पापुद्रा सुटतो तो चिमट्याने ओढायचा. एकाच पेशीच्या जाडीचा पातळ थर निसर्गाने असा सोलून ठेवलेला दुसरीकडे क्वचितच मिळतो. चाकूने कापायला गेलेल्या गटांचे तुकडे जाड आले आणि काहीच दिसलं नाही. पापुद्रा पाण्यातच ठेवावा लागतो, हवेत धरला की गुंडाळी होते.

आकाश भरलेलं, आरशावर उजेड नाही. मोबाईलच्या टॉर्चवर बटर पेपर चिकटवून खालून प्रकाश दिला. चांगला चालला.

बहुतेक मुलांनी आधी काय पाहिलं असेल तर हवेचे बुडबुडे. काळ्या जाड कडेचे, अगदी गोल, ठसठशीत. “मॅडम, केंद्रक सापडलं!” चार गटांनी ते वहीत काढलंसुद्धा. मग कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू कशी सोडायची ते पुन्हा दाखवलं. बुडबुडे गेले आणि त्यांच्या मागची विटांच्या भिंतीसारखी रचना दिसली. वर्ग एकदम शांत झाला. मीसुद्धा बराच वेळ बोलले नाही.

५ जुलै, शुक्रवार

आयोडीनचा थेंब घातल्यावर केंद्रक पिवळट-तपकिरी ठिपक्यासारखं उठून दिसतं. आजच्या वह्या तपासल्या. गट ३ ने तंतुकणिका काढल्या आहेत. गट ५ ने हरितलवकं काढून हिरवी रंगवली आहेत. दोन्ही गटांना सूक्ष्मदर्शकाशी नेलं आणि विचारलं, “यातलं कुठे दिसतंय ते मला बोटाने दाखवा.” मुलं गोंधळली. एक मुलगी म्हणाली, “दिसत नाहीत, पण असतात ना मॅडम!”

असतात, खरंच असतात. निदान तंतुकणिका तरी. पण ती जेमतेम अर्धा ते एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, आणि आमच्या यंत्राची ४५० पट वाढ तिला खास रंग दिल्याशिवाय पकडू शकत नाही. हरितलवकांचं मात्र वेगळं: कांद्याच्या गड्ड्यातल्या या पांढऱ्या पाकळ्यांत ती नसतातच. ती पातीत असतात. म्हणजे एका गटाने न दिसणारं पण असलेलं काढलं, आणि दुसऱ्याने दिसतही नाही आणि नाहीही असं काढलं. हा फरक मुलांना कळायला हवा. या प्रकल्पात मला दुसरं काही शिकवता आलं नाही तरी हे शिकवायचं आहे.

नियम केला. चित्र पेन्सिलने. जे दिसलं ते सलग रेषेने, शेजारी ‘दिसले’. जे पुस्तकातून माहीत आहे ते तुटक रेषेने, शेजारी ‘वाचले’. दोन्ही चालतील, मिसळायचं नाही.

आणखी दोन गोष्टी मुलांनीच काढल्या. एक: केंद्रक मधोमध नाही. बहुतेक पेशींत ते भिंतीला लागून बसलंय. मधली जागा कुणी व्यापली आहे? उत्तर आज दिलं नाही. दोन: आयोडीनने कांदा निळा-काळा का झाला नाही? पाचवीपासून सगळ्यांना पाठ आहे की आयोडीन आणि पिष्ट म्हणजे निळा रंग. बटाट्याचा कीस शेजारच्या काचपट्टीवर ठेवला तर तो लगेच काळा-निळा, आणि त्यात शिंपल्यासारखे वलयांचे दाणे. कांदा आपलं अन्न पिष्टाच्या रूपात साठवत नाही, शर्करेच्या रूपात साठवतो. उन्हाळ कांदा परतला की गोड लागतो, हे घरात सगळ्यांना ठाऊकच आहे.

९ जुलै, मंगळवार

मोजमाप. १०० पट वाढीवर पारदर्शक पट्टी ठेवून पाहिली: दृष्टिक्षेत्राचा व्यास १.८ मिमी. पेशींच्या लांबीच्या दिशेने ६ पेशी बसल्या, रुंदीच्या दिशेने २५. म्हणजे एक पेशी साधारण ०.३ मिमी लांब आणि ०.०७ मिमी रुंद. गट २ ने गुणाकार करून सांगितलं की एका चौरस सेंटिमीटर पापुद्र्यात साडेचार हजारांवर पेशी आहेत. त्यांनी नखाएवढा पापुद्रा हातात धरून तो आकडा दोनदा म्हटला.

त्यावर रॉबर्ट हूकची गोष्ट सांगितली, कारण त्यानेही हेच केलं होतं. १६६५ मध्ये त्याने बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले, त्यांना ‘सेल’ म्हटलं, आणि मोजले. इंचाच्या अठराव्या भागात ६०, म्हणजे एका इंचात १,०८०. चौरस इंचात ११,६६,४००. घन इंचात १,२५,९७,१२,०००. मुलांनी फळ्यावर गुणाकार करून पडताळा घेतला, बरोबर आला. त्याने पाहिलेले कप्पे मात्र रिकामे होते. बूच म्हणजे मेलेलं साल, राहिल्या होत्या त्या नुसत्या भिंती. आत राहणारं निघून गेलेलं घर त्याने पाहिलं आणि नाव घराला दिलं. मराठीत आपण ‘पेशी’ म्हणतो हे मला बरं वाटतं, त्यात खोलीचा अर्थ येत नाही.

१२ जुलै, शुक्रवार

आज पापुद्रा बाहेरच्या बाजूचा घेतला, लालसर पाकळीचा. रंग घालायची गरज नाही, कारण कांद्याने तो स्वतःच भरून ठेवलाय. काही पेशी जांभळट गुलाबी, काही बिनरंगाच्या. रंगीत पेशीत रंग कडेपासून कडेपर्यंत पसरलेला दिसतो. ही रिक्तिका. परवाच्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी आपणहून दिलं: मधली जागा पाण्याच्या या पिशवीने व्यापली आहे, म्हणून केंद्रक आणि पेशीद्रव्य भिंतीकडे ढकललं गेलंय. पुस्तकातल्या चित्रात रिक्तिका इतरांसारखीच एक वाटते. इथे पेशीचा बराचसा भाग तीच आहे.

मग मीठ. चार द्रावणं केली: १, २, ३ आणि ५ टक्के. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडायचा, समोरच्या कडेला टिपकागद लावायचा, म्हणजे द्रावण काचेखालून ओढलं जातं.

१ टक्का: काही बदल नाही. २ टक्के: साधारण निम्म्या पेशींच्या कोपऱ्यांत रंग भिंतीपासून सुटलेला. ३ टक्के: जवळजवळ सगळ्या. ५ टक्के: दोन-तीन मिनिटांत रंगाचा आकसून गोळा, आणि भिंत होती तिथेच, तशीच, चौकोनी.

हा रससंकोच. व्याख्या मी नंतर सांगितली. आधी गट ६ मधल्या मुलाने विचारलेला प्रश्न नोंदवून ठेवते, कारण इतक्या वर्षांत मला तो कुणी विचारला नव्हता: “मॅडम, भिंत आणि रंगाच्या मधे आता जी जागा झाली, तिच्यात काय आहे?”

वर्गाला विचारलं. बहुतेकांचं मत, हवा. काहींचं, काहीच नाही. हवा असती तर बुडबुड्यासारखी काळी कड दिसली असती, आणि काळ्या कडा आता सगळे ओळखतात. बराच वेळ गेला. शेवटी उत्तर त्याच मुलाकडून आलं: “मिठाचं पाणी.” अगदी तेच. पेशीभित्तिका मिठालाही अडवत नाही आणि पाण्यालाही. अडवतं ते आतलं प्रद्रव्यपटल: पाणी जाऊ देतं, मिठाला सहज जाऊ देत नाही. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर निघतं.

आणि हे पटल आत्तापर्यंत दिसलं का नव्हतं? पाण्याने भरलेली पेशी त्याला भिंतीशी घट्ट दाबून धरते, दोन्हींची कड एकच दिसते. जाडी म्हणाल तर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी, त्यामुळे पटल स्वतः आमच्या यंत्राला कधीच दिसणार नाही. मिठाने रंग आत ओढला तेव्हा त्याची हद्द कळली. मुलांनी नोंद कशी करावी यावर वाद घातला, ‘दिसले’ की ‘वाचले’? गट १ ने तिसरा शब्द काढला: ‘कळले’. तो ठेवला.

घरची उदाहरणं मुलांकडूनच आली. कोशिंबिरीला मीठ आधी लावलं की पाणी सुटतं. युरिया जास्त पडला की रोप ‘जळतं’. एकाच्या वडिलांच्या वाफ्यात गेल्या वर्षी तसं झालं होतं. त्याने बराच वेळ गोळा झालेल्या पेशी पाहिल्या आणि म्हणाला, “म्हणजे पाणी दिलेलं होतं, तरी ते तहानेने गेलं.”

१३ जुलै, शनिवार

सकाळची शाळा, अर्धा तास मिळाला. कालच्याच पद्धतीने पेशी आकसवल्या आणि लगेच साधं पाणी ओढलं. रंग हळूहळू पसरत पुन्हा भिंतीला टेकला. काही पेशी परतल्या नाहीत, त्यांचा रंग सांडून गेला होता.

दुसरा पापुद्रा दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून घेतला. पाणी फिकट गुलाबी झालं. पेशींच्या चौकटी तशाच, आत रंग नाही, मिठाचा परिणाम नाही. आयोडीन दिलेल्या जुन्या पापुद्र्यावरही मीठ घालून पाहिलं. काही नाही. म्हणजे ज्या पेशींकडे आम्ही पहिल्या आठवड्यात इतक्या कौतुकाने पाहत होतो, त्या आयोडीनने आधीच मेलेल्या होत्या. हे कळल्यावर दोन-तीन मुलींना वाईट वाटलं. मला ते वाईट वाटणं आवडलं. जिवंत पेशी म्हणजे काय याची आमच्या वर्गापुरती एक कसोटी तयार झाली: जिचं पटल अजून निवडून आत-बाहेर करू देतं, ती जिवंत.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. सुट्टी. तेल दिलेला स्क्रू काल मोकळा झाला, आता दोन सूक्ष्मदर्शक.

१९ जुलै, शुक्रवार

मागच्या बाकावरून प्रश्न: कांदा कापला की डोळ्यांत पाणी येतं. मग चाळीत शेकडो क्विंटल कांद्यात दिवसभर बसून निवडताना का येत नाही?

फार चांगला प्रश्न. उत्तर पेशीच्या रचनेत आहे. कांद्याच्या पेशीद्रव्यात गंधकयुक्त संयुगं असतात. त्यांना तोडणारं विकर (क्रिया घडवून आणणारं प्रथिन), ॲलिनेज, असतं रिक्तिकेत. दोघांच्या मधे रिक्तिकेचं पटल. अख्ख्या कांद्यात ती दोघं महिनोन्‌महिने शेजारी राहतात, पण भेटत नाहीत. सुरी फिरली, पटलं फाटली, दोन्ही एकत्र आली, की क्रिया सुरू होते. तिच्यातून जे तयार होतं त्याला आणखी एक विकर हात लावतं, आणि डोळे झोंबवणारा वायू सुटतो. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी ॲलिनेजच पुरेसं आहे अशी समजूत होती.

कांद्याच्या दृष्टीने हा बंदोबस्त आहे. कुणी चावा घेतला तरच शस्त्र तयार व्हावं, एरवी स्वतःला इजा नको.

प्रयोग: एक कांदा बोथट सुरीने, एक धारदार सुरीने, एक पाण्यात अख्खा उकडून. बोथट सुरीला सगळ्यात जास्त पाणी, कारण ती कापण्याऐवजी चिरडते आणि जास्त पेशी फोडते. उकडलेल्याला कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. विकर उष्णतेने निकामी झालं, मग पटल फाटलं तरी काय होणार? एका मुलीची आजी कांदा चिरण्याआधी गार पाण्यात टाकते. थंडीत विकराचं काम मंदावतं, आजीचं बरोबर आहे.

पेशीत इतके कप्पे कशाला, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या नावांच्या यादीतून कधीच उभा राहत नाही. आज राहिला. तंतुकणिका, लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका, प्रत्येकीला वेगळं पटल का, हे सांगायला मला आज पाच मिनिटं पुरली.

२३ जुलै, मंगळवार

गालाच्या आतल्या पेशी. आईस्क्रीमचा नवा लाकडी चमचा, प्रत्येकाचा स्वतःचा, हलकेच फिरवायचा, वापरून झाला की जंतुनाशकाच्या बादलीत. मिथिलीन ब्लूने केंद्रक गडद निळं. भिंत नाही, त्यामुळे पेशींना कोपरे नाहीत. काही कागदासारख्या दुमडलेल्या. रुंदी साधारण ०.०६ मिमी. एका मुलाने स्वतःची पेशी कंपासपेटीच्या झाकणावर काढून घेतली.

पेशींवर बारीक निळे ठिपके दिसले. घाण नव्हे, तोंडातले जिवाणू. त्यांना केंद्रक नाही. एका दृष्टिक्षेत्रात दृश्यकेंद्रकी आणि आदिकेंद्रकी दोन्ही, आणि आकारात पन्नास-साठ पटींचा फरक. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक यानेही १६८३ मध्ये दातांवरचं किटण खरवडून असेच जीव पाहिले होते.

रक्त बघायची मागणी आली. टोचायचं नाही हे नक्की. तयार काचपट्टी दाखवली: तांबड्या पेशी, केंद्रक नसलेल्या.

२६ जुलै, शुक्रवार

कांदा न सोडण्याचा नेम आज पुन्हा मोडला, आणि कारण तसंच होतं. विहिरीवरून येणाऱ्या एका मुलीने डब्यात हायड्रिला आणली. गावात तिला शेवाळच म्हणतात, पण ती मुळं-पानं असलेली फुलझाडातली वनस्पती आहे. पान दोनच पेशी जाडीचं, त्यामुळे कापायची गरज नाही. डबा थोडा वेळ उन्हात ठेवला, मग मधल्या शिरेजवळची पेशी ४५० पट वाढीत आणली.

हिरवे दाणे चालत होते.

भिंतीच्या कडेकडेने, एकामागून एक, सगळे एकाच दिशेला. कोपऱ्यावर वळून परत. हरितलवकं आपणहून चालत नाहीत, पेशीद्रव्यच वाहतं आणि त्यांना घेऊन जातं. मुलांनी घड्याळ लावलं: एका दाण्याला पेशीची लांबी पार करायला २५ सेकंद. शाळा सुटल्यावरही रांग संपली नाही. शिपाईमामा कुलूप घेऊन आले होते, त्यांनाही दाखवलं. त्यांनी डोळा लावला तो काढेचनात. मग विचारलं, “हे कोण ढकलतंय?” मी सांगितलं की आत प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे असतात, त्या धाग्यांवरून दुसरी प्रथिनं सरकतात, आणि त्याची ऊर्जा तंतुकणिकांमधून येते. ते म्हणाले, “म्हणजे पानात रात्रंदिवस राबता आहे.”

गट ३ ने आपल्या जुन्या चित्रातल्या तुटक रेषेच्या तंतुकणिकांकडे एक बाण काढून तिथे ‘कळले’ लिहिलं. ते जरा जास्त होतं, पण खोडायला लावलं नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पेशीचं विभाजन बघायचं आहे, त्यासाठी मुळांची तयारी. पाण्याने भरलेल्या पेल्यांवर कांदे बसवले, फक्त बुडखा पाण्याला टेकलेला. उन्हाळ कांद्याची सुप्तावस्था एव्हाना संपत आलेली असते, म्हणून मुळं लवकर येतील. चाळीत कोंब येऊन माल वाया जातो त्याचं कारणही तेच.

६ ऑगस्ट, मंगळवार

पहिला प्रयत्न फसला. मुळं दुपारी कापली, आणि टोकाऐवजी वरचा भाग घेतला. लांबट, शांत पेशी दिसल्या. विभाजन टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच चालतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी नऊच्या आत टोकं कापून एक भाग ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात टाकली. उद्या नागपंचमी, परवा बघू.

१० ऑगस्ट, शनिवार

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करणं माझ्याकडे, मुलं लांब. गुणसूत्रांना रंग देणारं ॲसिटोकार्मिन जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातून मागून आणलं होतं. कव्हरस्लिपवर अंगठ्याने सरळ दाबायचं, घासायचं नाही. चौथी काचपट्टी जमली.

एका दृष्टिक्षेत्रात ६० पेशी मोजल्या, त्यांतल्या ५ विभाजनात. एका पेशीत गुणसूत्रं मध्यरेषेवर रांगेत, शेजारच्या पेशीत ती दोन्ही टोकांकडे ओढली जात असतानाच थांबलेली. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. आम्हाला ती सुटी मोजता आली नाहीत, म्हणून १६ हा आकडा वह्यांत ‘वाचले’ खाली गेला. कुणाला सांगावं लागलं नाही.

विभाजनावरून लासलगावच्या विकिरण केंद्राचा विषय आपोआप निघाला. भाभा अणु संशोधन केंद्राचं ‘कृषक’ मुलांना पाटीपुरतं माहीत आहे. अमेरिकेला २००७ मध्ये पाठवलेला आंबा तिथून गेला हेही एकाला ठाऊक होतं, पण आत करतात काय ते नाही. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची हलकी मात्रा कांद्याला देतात. कांदा किरणोत्सारी होत नाही. धक्का बसतो तो कोंबाच्या टोकाशी असलेल्या, विभाजन पावू शकणाऱ्या पेशींच्या डीएनएला. साठवणीच्या पाकळ्यांतल्या पेशींना आता विभाजन करायचंच नसतं, म्हणून कांदा तसाच राहतो, कोंब तेवढा येत नाही. आत्ता पाहिलेल्या त्या ६० पेशी आणि पाकळीतली ०.३ मिमीची मोठी पेशी, दोन्ही एकाच कांद्याच्या, पण कामं वेगळी.

१४ ऑगस्ट, बुधवार

वही बंद, पुस्तक बंद. “पेशी काढा.”

एकाने विचारलं, “कोणती?” मग सगळेच तेच विचारू लागले. मी म्हटलं, तुमची तुम्ही ठरवा.

चौतीस चित्रं, आणि या वेळी ढीग एकसारखा नाही. अकरा जणांनी आकसलेली लाल पेशी काढली. नऊ जणांनी हायड्रिला, बाणांसह. सहा जणांनी गालाची, त्यांतल्या दोघांनी जिवाणूंसकट. उरलेल्या आठांत मुळाच्या टोकाच्या पेशी, आणि एकीने पेशीची नुसती चौकट काढून खाली लिहिलंय: ‘उकळलेली’. तंतुकणिका एकोणीस चित्रांत आहेत, सगळ्या तुटक रेषेत. सात जणांनी अजूनही केंद्रक मधोमध काढलंय. त्यांच्याबरोबर पुन्हा एकदा पापुद्रा बघायचा आहे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

त्या सात जणांसाठी कांदा मोडत असताना गट ४ मधल्या मुलाने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यांच्या चाळीतल्या कांद्यावरची काजळी, सालावर येते ती काळी भुकटी. “ही पण पेशीच का, मॅडम?”

चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर घेतली. दांडा, दांड्यावर गोल डोकं, आणि डोक्यावरून सुटलेल्या काळ्या मण्यांच्या माळा. ही बुरशी, ॲस्परजिलस नायजर. प्रत्येक मणी एक बीजाणू, नव्या बुरशीची सुरुवात. बुरशीच्या पेशीलाही भिंत असते, पण ती कांद्यासारखी सेल्युलोजची नसून मुख्यतः कायटिन आणि ग्लुकन यांची. मुलाने मणी मोजायला घेतले आणि सोडून दिले. मग म्हणाला, “कपाटातल्या त्या भिंगावरचं जाळंही असंच असेल. तिसरा सूक्ष्मदर्शक काढा ना, या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं भिंग धरून बघू.”

सोमवारी रक्षाबंधन. मंगळवारी बघायचं.